पाण्याची मोफत तपासणी आणि सळीचा गंज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीत एक गुलाबी पत्रक निघाले. ते आपण छापलेले नाही, पेपर टाकणाऱ्या मुलाने मध्ये सरकवले, हे मला कळते. त्यामुळे तक्रार आपल्याविरुद्ध नाही. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘तुमच्या घरच्या पाण्याची मोफत तपासणी, निकाल दोन मिनिटांत’ असे आहे. खाली दोन पेल्यांचा फोटो. एकात नितळ पाणी, दुसऱ्यात तपकिरी चोथा, आणि त्या चोथ्याखाली ओळ: ‘हे तुम्ही रोज पिता.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्या तपकिरी पेल्यात काय आहे ते मला माहीत आहे. आपल्या वाचकांनाही ते माहीत असावे म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. काटछाट करायचीच वेळ आली तर माझी मते कापा, रसायनशास्त्र तेवढे ठेवा.

आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडू लागले तेव्हा इथे काय अवस्था होती ते आपल्याच वार्ताहरांनी लिहिले आहे. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्याकडे गेला. लोक घाबरले, आणि घाबरायला कारण होते. घरोघरी पातेल्यात पाणी उकळायला लागले. नेमक्या त्याच दिवसांत सोसायट्यांच्या सभागृहांत आरओ यंत्रांचे, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलून क्षार काढणाऱ्या यंत्रांचे, विक्रेतेही दिसू लागले.

आमच्याकडे आलेला मुलगा विशी-पंचविशीतला, बोलायला गोड. टेबलावर त्याने दोन पेले मांडले. एकात सभागृहाच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात बाटलीतून आणलेले यंत्राचे. मग पिशवीतून एक काळी पेटी काढली. तिच्या खाली चार सळ्या, मागे वायर. दोन सळ्या या पेल्यात, दोन त्या पेल्यात, आणि बटण. बघता बघता नळाचे पाणी पिवळट झाले, मग हिरवट काळे, मग तपकिरी. वर फेस, तळाशी गाळ. यंत्राचे पाणी होते तसेच. मागच्या रांगेतल्या एक आजी ‘अगं बाई, हे पितो आपण?’ म्हणाल्या आणि एका गृहस्थांनी तिथल्या तिथे हप्ता किती बसेल ते विचारले.

आता रसायनशास्त्र. प्रत्येक पेल्यातल्या दोन सळ्यांपैकी एक लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार थोडेफार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की धनाग्राकडचे लोखंड विरघळून त्याचे आयन पाण्यात उतरतात. ऋणाग्राकडे हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, तोच तो फेस, आणि हायड्रॉक्साइड तयार होते. दोघांची गाठ पडली की हिरवट फेरस हायड्रॉक्साइड, आणि त्याला पाण्यातला, हवेतला ऑक्सिजन लागला की तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड. म्हणजे गंज. पेल्यात दिसणारी घाण पाण्यात नव्हतीच, ती सळीतून पाण्यात आली. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि सळी विरघळत नाही. यात गूढ काही नाही. विद्युत अपघटनाचे नियम मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकात मांडले आणि आपली मुले ते बारावीला शिकतात.

सेक्रेटरींचे घर सभागृहाला लागूनच आहे. त्यांच्या घरून मी मीठ मागवले. त्या मुलाला म्हटले, ‘अरे, तुझ्या त्या स्वच्छ पेल्यात एवढी चिमूट टाक आणि मग बटण दाब.’ तो म्हणाला, ‘काकू, मशीनच्या पाण्यात असं काही मिसळायचं नसतं.’ म्हटले, ‘खायचं मीठ आहे, विष नाही.’ शेवटी आजींनीच टाकले. बटण दाबले, आणि यंत्राचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर गढूळ झाले. मीठ जास्त, वीज जास्त, गंज जास्त.

मुलगा चिडला नाही, हे सांगायला हवे. सळ्या पुसता पुसता हळूच म्हणाला, ‘काकू, ट्रेनिंगमध्ये आम्हाला एवढंच दाखवतात.’ माझा त्याच्यावर राग नाही. यंत्र खपले तर त्याचे पोट. राग आहे तो त्याच्या हाती ती पेटी देणाऱ्यांवर. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हीच पेटी मी वेगवेगळ्या रंगांच्या टी-शर्टांच्या हातांत पाहिली आहे.

पेटीपेक्षा फसवे ते विक्रेत्यांकडचे टीडीएसचे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे, पेन, कारण ते खोटे बोलत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढेच ते मोजते आणि त्या मापाला एका ठरावीक गुणकाने गुणून ‘विरघळलेले क्षार लिटरला अमुक मिलिग्रॅम’ असा आकडा दाखवते. क्षारांचा अंदाज म्हणून तो ठीक आहे. पण त्यावरून पाणी पिण्यालायक आहे का ते ठरवणे म्हणजे ताप बघायला रोग्याला वजनकाट्यावर उभे करणे. घरी करून बघा. पाव लिटर पाण्यात पाव ग्रॅम मीठ टाका, आकडा हजाराने वाढेल. त्याच पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा, पेन ढिम्म हलणार नाही, कारण साखरेतून वीज वाहत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पेन बुडवले तर आकडा हजारांत जातो. म्हणून कोणी आजाऱ्याला शहाळे द्यायचे थांबवत नाही. उलट शिसे घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या दहापट शिसे असले तरी पेनवर त्याचा मागमूस दिसणार नाही. आणि जिवाणू? ज्या कॅम्पिलोबॅक्टरच्या भीतीने आम्ही सगळे सभागृहात जमलो होतो, त्याने तो पेला बुजबुजला असता तरी पेनने तोच आकडा दाखवला असता.

आमच्या नळाला पेनने ९० दाखवले. खडकवासल्याचे पाणी, पावसाचे, सह्याद्रीच्या कुशीतले. त्यात क्षार कमीच. विक्रेत्याच्या हातात एक रंगीत तक्ता होता. ५० च्या आत हिरवा, त्यावर पिवळा, पुढे लाल. आम्ही पिवळ्यात बसलो. हा तक्ता कुणाचा, असे विचारल्यावर उत्तर आले नाही. भारतीय मानक ब्युरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे, आयएस १०५००. त्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने कुठली मर्यादाच घातलेली नाही. ६०० च्या खाली पाण्याची चव साधारणपणे चांगली लागते, एवढेच म्हटले आहे. प्रश्न चवीचा आहे.

आता मोरीत जाणाऱ्या पाण्याकडे वळते. हा हिशोब मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. त्यावर दोन अंगठे आणि एक ‘सुप्रभात’ आले, म्हणून इथे पुन्हा मांडते. चार लिटर पाणी घेऊन एक लिटर पिण्याचे देणारे यंत्र धरा. घरगुती यंत्रांत हे प्रमाण सर्रास आढळते. लिटरला ९० प्रमाणे चार लिटरांत ३६० मिलिग्रॅम क्षार आले. त्यातले १० पिण्याच्या लिटरात राहिले असे समजू. उरलेले ३५० बाकीच्या तीन लिटरांत. म्हणजे नळी लावून मोरीत सोडलेल्या पाण्याचा टीडीएस झाला साधारण ११७. मानक म्हणते ५०० पर्यंत खुशाल प्या. जे पाणी आपण ‘वेस्ट’ म्हणून सोडतो ते मानकाच्या पाव हिश्शालाही पोचत नाही! चौघांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला रोज १२ लिटर लागले तर ३६ लिटर मोरीत. शंभर घरांच्या सोसायटीत रोज ३,६०० लिटर, महिन्याला एक लाख आठ हजार. दहा हजार लिटरचे जवळपास अकरा टँकर. एप्रिल-मे महिन्यांत आमची सोसायटी पैसे मोजून टँकर मागवते, त्या बिलावर सर्वसाधारण सभेत दर वर्षी भांडण होते, आणि या अकरांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. काही जण ते पाणी बादलीत धरून लादी पुसतात, झाडांना घालतात. चांगलेच आहे. पण लादी पुसून किती पुसणार?

काही यंत्रांना आत एक ‘टीडीएस ॲडजस्टर’ असतो, त्याचीही गंमत ऐका. आरओमधून निघालेले पाणी बेचव लागते, म्हणून या झडपेतून पडदा चुकवून आलेले थोडे पाणी पुन्हा त्यात मिसळतात. आधी पैसे देऊन क्षार काढायचे, मग पैसे देऊन परत घालायचे.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते ते केवळ जलशुद्धीकरण केंद्रावरचे जंतू मारायला नव्हे. नळापर्यंतच्या वाटेवर, टाकीत, पिंपात राखण करायला थोडे उरावे असा त्यामागचा हिशोब असतो. आरओचा पडदा पॉलिअमाइडचा असेल तर त्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून यंत्र आधी कार्बनच्या फिल्टरमधून क्लोरीन काढून टाकते. पुढचा पडदा जंतूंनाही अडवतो, हे प्रामाणिकपणे सांगते. पण यंत्राच्या प्लॅस्टिकच्या टाकीत साठलेल्या पाण्यावर राखण उरत नाही. कुटुंब आठ दिवस गावाला गेले आणि आल्या आल्या त्याच टाकीतले पाणी प्याले, हे सगळीकडे चालते. ती टाकी आतून कधी बोट फिरवून पाहिली आहे का? बुळबुळीत लागली तर समजा.

‘उकळून टीडीएस जात नाही, काकू’ हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकले. शब्द न् शब्द खरे आहे. उकळून क्षार जात नाहीत, जंतू मरतात, आणि आम्हाला जंतूच मारायचे होते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. रोज गॅस जाळायचा कंटाळा असेल तर अतिनील दिव्याचे साधे यंत्र आरओच्या मानाने स्वस्त पडते आणि पाणीही वाया घालवत नाही. आमच्याकडे तेच आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की त्यावरही विसंबत नाही, गढूळ पाण्यात अतिनील किरण नीट पोचत नाहीत. तेव्हा आधी तुरटी, मग गाळणे, मग उकळणे. सासूबाई हेच करत.

मी आरओच्या विरोधात आहे असे कृपया छापू नका. माझी नणंद दर्यापूरला असते. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. तिथले भूजल जात्याच खारे. बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि पाहुण्याला चहा दिला तरी तो चेहरा वाकडा करतो. तिथे आरओ हवेच. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे तिथेही हवे. दातांवर डाग आणि वाकलेली हाडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पटवून द्यावे लागणार नाही. हे तंत्र जन्मलेच खाऱ्या पाण्यासाठी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी त्याचा उपयोगी पडणारा पडदा तयार केला, आणि १९६५ मध्ये कोलिंगा नावाच्या खाऱ्या पाण्याच्या गावाला त्यावर पाणी मिळू लागले. सौरीराजन आपल्याकडचे, हे सांगायला मला वर्गात फार आवडायचे. त्यांनी शोधलेले औषध ज्याला रोगच नाही त्याला विकले जात आहे, एवढेच माझे म्हणणे. आपल्या शहराच्या कडेला बोअर आणि टँकरवर राहणाऱ्या सोसायट्या आहेत, तिथे आकडा सातशे-आठशेच्या पुढे जात असेल तर त्यांनीही खुशाल घ्यावे. पण आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून. पेटीने नव्हे.

मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते की टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओला मनाई करा, आणि जिथे लागेल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात येईल असे बघा. मंत्रालयाची नियमावली यायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. दुकानात मात्र आजही ‘तुमच्या नळाचा आकडा किती?’ असे विचारून कोणी यंत्र नाकारल्याचे मी पाहिलेले नाही. राहता राहिले ते पत्रक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. पत्रक जपून ठेवले आहे, तक्रार मी करणार आहे. आणखी चौघांनी केली तर वजन येईल.

मग तपासायचे काय? नळाला उरलेले क्लोरीन. मानकाप्रमाणे ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवे. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. आमच्या गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घातल्यावर ऑर्थोटोलिडिनची ‘ओटी टेस्ट’ करतो. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. तिथे जलस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात. गावातल्या बाईला आपल्या पंचायतीच्या कार्डाचा रंग ठाऊक असतो आणि पुण्यात करोडाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आपल्या जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली ते ठाऊक नसते. आमच्या सूचनाफलकावर पार्किंगच्या सूचना खंडीभर आहेत, टाकी धुतल्याची तारीख नाही. मी मागे लागले आहे. घरी तपासणी करणाऱ्यांना शिक्षिकेची एक सूचना: ऑर्थोटोलिडिन हाताला लागू देऊ नका, तपासलेले पाणी पिऊ नका, आणि मिळत असतील तर त्याऐवजी क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या वापरा. त्यात पाणी गुलाबी होते. जिवाणूंसाठी नमुना द्यायचा तर प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली मागा. कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली नेली तर पाण्याऐवजी बाटलीची तपासणी होते.

आता आपल्याकडे एक मागणे. पावसाळ्यात आपण रोज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचा साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) छापता. आमच्याकडे सकाळच्या चहाला पहिली चर्चा तीच असते. चारी धरणे भरली की २९ टीएमसी, हे शाळकरी पोरही सांगते. पाणी किती आहे हे जर आम्हाला दशांशापर्यंत कळते, तर ते कसे आहे हेही कळू द्या. नळाच्या टोकाशी क्लोरीन किती उरले, किती नमुन्यांत जिवाणू सापडले, कुठल्या भागात, ही माहिती महापालिकेकडून मागून घ्या आणि आठवड्यातून एकदा भागवार छापा. महापालिका देत नसेल तर ‘या आठवड्यात माहिती मिळाली नाही’ असे छापा. सिंहगड रस्त्याच्या रकान्यात कोरी जागा दिसली की आमच्या नगरसेवकांकडे कोण जायचे ते आम्ही बघू. शहराच्या पानावर हवामानाच्या चौकटीखाली दोन बोटे जागा असते, तिथे हे सहज मावेल.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
वडगाव बुद्रुक, पुणे